हाकेच्या अंतरावर

(पंचाहत्तरीनिमित्त इंदूर येथे अकादमीने योजलेल्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचविशीला रौप्य, पन्नाशीला सुवर्ण, साठीला हीरक आणि पंचाहत्तरीला अमृत असा आपल्याकडे महोत्सवांचा क्रम आहे. इंदूरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. चांदी, सोनं आणि हिरे हा आपला दिवसाचा सराफा. दुकानांची शटर खाली आली की त्याच ओट्यांसमोर गरम जिलबी, भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू मिळायला लागतात, तो रात्रीचा सराफा. म्हणजे अमृताची पाळी दुकान बंद झाल्यावर येते. मीही पंचाहत्तरीचा अर्थ तसाच लावला आहे. आता विकायचं काही नाही, भाव ठरवायचा नाही. बसायचं, चार घास खायचे आणि बोलायचं.

संयोजकांनी मला वाढतं वय आणि कुटुंब या विषयावर बोलायला सांगितलं. या विषयावर माझ्याकडे उपदेश नाही. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे काहीही समोर आलं की आधी त्यातला शब्द बघायचा ही खोड लागली आहे. वाढदिवस जवळ आला तसं मी एक काम केलं. आजवर लोकांनी मला कोणकोणत्या नावांनी हाक मारली, ते आठवून एका वहीत लिहून काढलं. आपलं वय आपण वर्षांत मोजतो. मला वाटतं, ते हाकांमध्ये जास्त नेमकं मोजता येतं.

माझा जन्म जानेवारी १९४८ चा. तेव्हा हे होळकर संस्थान होतं. मी चार महिन्यांची असताना, २८ मे १९४८ ला, मध्य भारत झाला. इंदूर त्याची उन्हाळ्याची राजधानी आणि ग्वाल्हेर हिवाळ्याची. मी तिसरीत असताना १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला. म्हणजे आमच्या घराने जागा न सोडता तीन राज्यं पाहिली. पत्रावरच्या पत्त्याची शेवटची ओळ बदलत गेली, वरच्या ओळी तशाच राहिल्या. माणसाचंही तसंच असतं. बाहेरचे लोक हाक बदलत राहतात, आतला पत्ता बराच काळ तोच असतो.

घरात मी चिमी होते. धाकट्या भावंडांची ताई झाले. लग्न झाल्यावर वहिनी झाले, पुतण्यांची काकू झाले, शाळेत बाई झाले, मग आई, मग सासू, विहीण, आजी. ही घरची गती संथ होती. एकेक शब्द यायला पाच-दहा वर्षं लागायची, आणि नवा आला म्हणून जुना जायचा नाही. रस्त्यावरची गती मात्र वेगळी. मंडईतल्या भाजीवाल्यांनी मला आधी ‘बहनजी’ केलं, मग ‘आंटीजी’ केलं, आणि एक दिवस पालकाची जुडी देता देता एकाने ‘माताजी’ म्हटलं. त्या दिवशी माझं वय अठ्ठावन्न होतं. घरी अजून नातवंडही नव्हतं. आता ‘अम्मा’पर्यंत मजल गेली आहे. त्यात राग मानण्यासारखं काही नाही. अम्मा म्हटल्यावर तो कोथिंबीर फुकट देतो.

या हाकांचं एक गणित आपल्या शहरात जरा अवघड आहे. माझ्या मुलीचं सासर माळव्यातलं, हिंदी बोलणारं. नात सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मी माझ्या मोठ्या भावाला ‘दादा’ म्हणून हाक मारली ती तिने ऐकली आणि घरी जाऊन मोठ्या आश्चर्याने सांगितलं, की नानीचे दादा अजून जिवंत आहेत! तिच्या हिशेबात दादा म्हणजे आजोबा. त्यामुळे माझे आजोबा म्हणजे किमान सव्वाशे वर्षांचे. तिला मला ‘ताई’ म्हणणारे लोक भेटले तेव्हाही असाच घोटाळा झाला. हिंदीत ताई ही ताऊजींची बायको. मग ताऊजी कुठे आहेत, असं तिने विचारलं.

हसू येतं, पण या घोटाळ्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. प्रत्येक भाषा कुटुंबाचा नकाशा वेगळा काढते. हिंदीत वडिलांच्या थोरल्या भावाला ताऊ आणि धाकट्याला चाचा. आपल्याकडे दोघेही काका. हिंदीत आईकडची नानी आणि वडिलांकडची दादी. आपल्याकडे दोघीही आजी. हिंदीत जेठानी आणि देवरानी वेगळ्या. आपल्याकडे दोघी एकमेकींच्या जावा, फार तर थोरली आणि धाकटी. आपल्या भाषेने या ठिकाणी भेद केला नाही. माझी नात शाळेत माझ्याविषयी ‘नानी’ म्हणून निबंध लिहिते आणि घरी मला ‘आजी’ म्हणते. दोन नकाशांवर मी एकाच वेळी आहे, आणि मला त्याची मौज वाटते.

मौज वाटत नाही ती वेगळ्या गणिताची. लहानपणी मला तीन आत्या, दोन काका, चार मामा आणि एक मावशी होती. दिवाळीत फराळाचे डबे पोचवायला आम्हा मुलांना दोन दिवस लागायचे. माझ्या हैदराबादच्या नातवाला एक आत्या आहे. त्याची आई एकुलती एक, म्हणून मामा नाही, मावशी नाही. वडिलांना भाऊ नाही, म्हणून काका नाही. इंदूरच्या नातीला एक मामा आणि एक बुआ. दोन्ही नातवंडं एकेकटी. उद्या त्यांनी एकुलत्या एक जोडीदाराशी लग्न केलं, तर त्यांच्या मुलांना काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणीच असणार नाही. हे शब्द कोणी पुसणार नाही. शब्दकोशात ते राहतील, ओळखीच्या लोकांना आपण काका-मावशी म्हणतो तसे बाहेरही राहतील. पण ज्या माणसासाठी तो शब्द केला होता, ते माणूस त्या घरात नसेल. आपण भाषा टिकवण्याची चर्चा करतो तेव्हा शाळा, वाचनालयं आणि संमेलनं यांविषयी बोलतो. ते हवंच. २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली इंदूरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हाचा उत्साह मला आजही आठवतो. पण भाषेचा काही भाग असा आहे, की तो टिकवायला सभागृह पुरत नाही, त्याला भरलेलं घर लागतं.

आता ‘तू’विषयी बोलते.

मराठीत आई ‘तू’ असते. आजीही बहुतेक घरांत ‘तू’च. आमच्या लहानपणी वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत. आता मुलं त्यांनाही ‘तू’ म्हणतात. आईचं ‘तू’ मात्र जुनंच आहे. आपल्या शहरातल्या मुलांच्या कानात हिंदीतला ‘आप’ पक्का बसलेला असतो. ती मराठी बोलायला लागली, की मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणतात. नात मला म्हणते, ‘आजी, तुम्ही जेवलात का?’ व्याकरण बिनचूक, आदर पूर्ण. ऐकताना मात्र वाटतं, की मी तिच्या घरी पाहुणी म्हणून आले आहे. मी तिला दुरुस्त केलेलं नाही. ती मराठी बोलते आहे हेच माझ्या दृष्टीने खूप आहे. पण एकदा तिला ताप होता, मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते, आणि ग्लानीत ती म्हणाली, ‘आजी, तू जाऊ नको.’ तापात ती आदर विसरली.

वय वाढतं तसा मान वाढतो, आणि मान वाढला की ‘तू’ म्हणणारे कमी होतात. हे कोणी आपल्याला आधी सांगत नाही. माझे आईवडील गेले, आत्या-मावशी गेल्या, शाळेतल्या मैत्रिणींपैकी एक उरली आहे आणि ती आता मुलाकडे अमेरिकेत असते. सहा वर्षांपूर्वी आमचे हे गेले. ते मला ‘अगं’ म्हणत, मी त्यांना ‘अहो’ म्हणत असे. ‘अहो’ मी आजही दिवसातून दहा वेळा म्हणते, रिक्षावाल्याला म्हणते, दूधवाल्याला म्हणते. पण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ज्या पट्टीत ते म्हणायचं, त्या पट्टीतलं ‘अहो’ आता माझ्या कामाचं राहिलेलं नाही. आज या व्यासपीठावर मला किती जणांनी ‘आपण’ म्हटलं! त्याबद्दल मी ऋणी आहे. पण माझ्या वयाच्या माणसाला कोणी एकेरी हाक मारली, तर तो अपमान असतोच असं नाही.

‘आपण’ हा शब्द निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजूही सांगते. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत फरक आहे. ‘आपण’मध्ये ऐकणारा असतो, ‘आम्ही’मध्ये नसतो. हा नियम मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर लिहून शिकवत असे. कुटुंबात तो कसा चालतो, हे मला मुलाच्या फोनवरून कळलं. नोकरीला लागल्यावर तो म्हणायचा, ‘आई, आपण फ्रिज बदलू.’ हैदराबादला संसार मांडल्यावर एकदा म्हणाला, ‘आई, आम्ही गाडी घेतली.’ मी आनंदाने पेढे वाटले. पण ‘आम्ही’ ऐकू आलंच, शिक्षिकेच्या कानांचा नाइलाज आहे.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. लग्नानंतर मी आईला पहिलं पत्र लिहिलं, त्यात ‘आमच्याकडे आमटीत गूळ जास्त घालतात’ असं वाक्य होतं. ते पत्र आईने जपून ठेवलं होतं. तिच्या पश्चात तिच्या ट्रंकेत मला सापडलं. त्या ‘आमच्याकडे’चा अर्थ तिला तेव्हाच कळला असणार. आतापर्यंत ‘आपल्याकडे’ म्हणणारी मुलगी आठ दिवसांत ‘आमच्याकडे’ म्हणू लागली. घरं अशीच वेगळी होतात आणि व्हायला हवीत. मुलाच्या ‘आम्ही’मध्ये मी नसेन, पण त्याचं ‘आम्ही’ सुखात आहे ना, हे विचारण्याचा हक्क मला आहे.

इंदूरच्या हिंदीने मात्र या बाबतीत माझ्यावर उपकार केले आहेत. पुस्तकातल्या हिंदीत ‘हम’ एवढंच आहे. त्यात ऐकणारा आहे की नाही, ते संदर्भावरून समजून घ्यायचं. आपल्या गल्लीतल्या हिंदीत ‘अपन’ आहे. माझी नात दारातूनच ओरडते, ‘आजी, अपन राजवाडा चलें?’ वाक्य हिंदी, पण त्यात मी आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, की अशा वाक्याला लाल शाई लावण्यापूर्वी ते कोणाला सोबत घेऊन चाललं आहे तेही बघावं.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायचं कबूल केलं, ती सांगते.

माझा दादा चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. पुढच्याच गल्लीत राहतो. त्याने सरकारी खात्यात आयुष्यभर हिंदीत टिपणं लिहिली आणि त्याची हिंदी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. चार वर्षांपूर्वी त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं निदान झालं. आधी नावं गेली, मग वार गेले, मग हळूहळू हिंदी गेली. डॉक्टरांनी समजावलं, की बहुभाषी माणसांत असं अनेकदा दिसतं, प्रत्येकात नाही, पण अनेकांत. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि पहिली जास्त काळ धरून राहते. आज दादाजवळ फक्त मराठी आहे, तीही लहानपणची. त्याच्या घरात मात्र मराठी समजणारी माणसं कमी आहेत. सून हिंदीभाषक. मुलगा दिवसभर कामावर. सांभाळायला देपालपूरकडचा एक तरुण येतो, तो माळवी बोलतो.

एकदा दादाच्या पोटात दुखत होतं. तो सारखा ‘कळ येते, कळ येते’ म्हणत होता. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी ऐकलं ‘कल’. त्यांनी सुनेला विचारलं, ‘कल से है क्या?’ ती बिचारी म्हणाली, ‘नहीं, आज से ही है.’ डॉक्टरांची चूक नव्हती, सुनेचीही नव्हती. मध्ये एक ‘ळ’ होता. मी पोचल्यावर सांगितलं, की दुखणं सलग नाही, थांबून थांबून पिळवटल्यासारखं येतं. त्याबरोबर डॉक्टरांची तपासणीची दिशा बदलली.

त्या रात्री मी घरी येऊन दुखण्याचे शब्द लिहायला बसले. दाढ ठणकते. पाठीत चमक भरते किंवा उसण भरते. डोळ्यात खुपतं. खरचटलेलं चुरचुरतं. पायाला मुंग्या येतात. पोटरीत गोळा येतो. छातीत धडधडतं, जिना चढताना धाप लागते, उठताना भोवळ येते. पोटात ढवळतं, मळमळतं. अंग मोडून येतं, अंगात कसर असते, कणकण असते. आणि काहीच सांगता येत नाही तेव्हा ‘कसंतरीच होतंय’. हिंदीतही टीस आहे, चुभन आहे, हरारत आहे; ती भाषा गरीब नाही. पण हे शब्द मी वाचून शिकले. माझं दुखणं मराठीत होतं. दादाचंही.

ही यादी मी दादाच्या त्या सोबत्याला दिली. समोर माळवीत आणि हिंदीत अर्थ लिहायला नातीने मदत केली. तिने वहीत शरीराचं चित्र काढलं आणि त्या त्या जागी शब्द लिहिले. माळवीत ‘ळ’ आहेच, त्यामुळे त्या मुलाला ‘कळ’ म्हणायला काही अडचण आली नाही. आता तो दादाला रोज सकाळी विचारतो, ‘बाबूजी, कळ नाही ना? मुंग्या नाही ना?’ दादा मान हलवतो. कोणी आपल्याला समजेल असं विचारतं आहे, एवढ्याने त्याची अर्धी चिडचिड कमी झाली आहे. नातीचं मराठी वाचन शाळेने जेवढं सुधारलं नसतं, तेवढं त्या वहीने सुधारलं. भाषा कशासाठी शिकायची, हा प्रश्न तिने मला त्यानंतर विचारलेला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास दादाने मला ‘चिमे’ म्हणणं बंद केलं. ती हाक मारणारा तो शेवटचा होता. एका संध्याकाळी मी त्याला दहीभात भरवत होते. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, ‘आई, तू जेवलीस का?’ मी क्षणभर थांबले आणि ‘हो, जेवले’ असं म्हटलं. त्याचं समाधान झालं. नंतर पुष्कळ विचार केला. ही त्याची विस्मृती होती, हे खरंच. पण माझ्या वहीत हाकांची जी यादी आहे, त्यात सगळ्यात शेवटची नोंद तीच आहे. मोठ्या भावाने धाकट्या बहिणीला आई म्हटलं, आणि मला ‘तू’ म्हणणारं माणूस अजून एक आहे.

मुलगा म्हणतो, ‘आई, आता आमच्याकडे चल.’ मनापासून म्हणतो, हे मला ठाऊक आहे. हैदराबादला मराठी माणसं आहेत, मराठी ग्रंथालय आहे, माझं काही अडणार नाही. मी त्याला सांगितलं, की वर्षातून दोन महिने येईन. बाकीचे महिने मी इथेच राहणार, कारण दादा हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या जुन्या भाषेत अंतर मोजायचं हे एक माप आहे, कोसाहून लहान आणि हाताहून मोठं. माझ्या वयाला तेवढंच झेपतं.

अकादमीकडे एक मागणं आहे. आपल्याला सत्कारांच्या शाली पुष्कळ मिळतात. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, एक पातळ पुस्तिका काढावी. मराठीतले दुखण्याचे, भुकेचे, झोपेचे, भीतीचे रोजचे शंभर-दीडशे शब्द आणि त्यांचे इथल्या भाषेतले अर्थ. इंदूर-ग्वाल्हेरसाठी हिंदीत, वडोदऱ्यासाठी गुजरातीत, बेळगावसाठी कन्नडमध्ये, हैदराबादसाठी तेलुगू आणि उर्दूत. मराठी माणसाचं म्हातारपण ज्या ज्या गावात दुसऱ्या भाषेच्या हाती सोपवलेलं आहे, तिथे ती पुस्तिका दवाखान्यात आणि घरात असावी. शब्द जमवायचं काम विद्यार्थ्यांनी करावं. त्यासाठी त्यांना कोणा ना कोणा आजी-आजोबांजवळ तासभर बसावं लागेल, आणि तो तास दोघांच्याही उपयोगी पडेल. शिक्षकांनी त्याला प्रकल्पाचे गुण द्यावेत. गुण नसतील, तर मुलं येत नाहीत, हा चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

सुरुवातीला माझ्याकडची वही देते. तीत सध्या एकसष्ट शब्द आहेत. अक्षर नातीचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मी तपासलं आहे.

बाहेर पोहे आणि जिलबी ठेवली आहे असं कळतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांनी फक्त पोहे घ्यावेत. बाईंचं लक्ष आहे.